मंगळवार-शुक्रवारची ओटी

सुशीलाआक्का, आधी तुमचं नाव लिहिते. देवीच्या देवळाबाहेर, चपला ठेवायच्या जागेशेजारी, निळा कागद अंथरून नारळ, खण, तांदूळ, हळकुंडं मांडून बसणाऱ्या सुशीलाआक्का. माझ्या तनूला योग्य ठिकाणी पहिल्यांदा कोणी नेलं असं कोणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगते. लोकांना वाटतं आक्का म्हणजे कोणी डॉक्टरीणबाई असतील. मी त्यांना वाटू देते.

सेंटरच्या ओटीच्या मॅडमनी पालकांच्या अंकासाठी सगळ्यांना एकेक पान लिहायला सांगितलंय. "तुम्हाला ज्यांनी मदत केली त्यांच्यावर लिहा," म्हणाल्या. मी सातवीत शाळा सोडली, त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नाही. मॅडमना म्हटलं, लिहिते, पण त्यांच्यावर जमणार नाही, त्यांनाच लिहिते. एका पानाहून जास्त होईल. मॅडम म्हणाल्या, होऊ दे.

आता काय झालं ते. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. मंगळवार होता. मंगळवारी तुमचा कागद सकाळी सातला अंथरलेला असतो. मी तनूला सेंटरवरून घेऊन अकराला देवळापाशी आले तर तुमच्या जागी एक कुत्रं झोपलं होतं. मी तिथूनच तुमच्या गल्लीत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. तुमची लेक उषा तुमच्या उशाशी बसून ओटीच्या पुड्या भरत होती. तुमच्या अंगावर तिनं चादर नीट घातली होती, चारी कोपरे ओढून. मला बघून म्हणाली, "आई झोप. चहा नाही."

मी तुमच्या पायाला हात लावला. मग तनूचा हात धरून दारात उभी राहिले. 

मला अजून रडू आलेलं नाही, आक्का. गल्लीतल्या बायका बघायच्या माझ्याकडे, की ही रोजची येणारी, हिच्या डोळ्यात पाणी कसं नाही. मी डबा भरते. तनूची वेणी घालते. गॅस बंद केला का ते तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते. आधीही बघायचे, तुम्ही हसायचा. "आगं कुलपाला पण दम लागंल," म्हणायचा. आता बघते तेव्हा कोणी हसत नाही, म्हणून चौथ्यांदा बघते.

तुम्हाला माहीत असलेलंच परत लिहिते. लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आम्ही हिंगोलीकडचे. ह्यांना अंबडच्या कंपनीत काम लागलं म्हणून नाशकात आलो, सिडकोत एक खोली घेतली. तनू तेव्हा चार वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती, पंख्याकडे तासन् तास बघायची. गावाकडे सासूबाईंनी वेखंड मधात उगाळून चाटवून झालं होतं. इथं सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ बघितलं, मला खूप प्रश्न विचारले आणि म्हणाले, "ऑटिझम आहे. ह्याच्यावर गोळी नाही. ओटी आणि स्पीच सुरू करा. ओटी आठवड्यातून दोनदा, अगदी नेमानं. खंड पाडू नका. फरक दिसायला वेळ लागेल, धीर धरा." कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. मागे लाईन मोठी होती. मी 'बरं' म्हटलं आणि उठले.

मला बाहेर येऊन बरं वाटलं होतं, आक्का. वाटलं, एवढा शिकलेला डॉक्टर, पण देवाला मानतो. आठवड्यातून दोनदा म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार, देवीचेच वार. खंड पाडू नका हेही बरोबर, नेम म्हणजे नेम. स्पीचचं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "स्पीच म्हणजे भाषण." मी म्हटलं, पोर आई म्हणत नाही, भाषण कुठून करणार? ते पुढचं असेल, आधी ओटी.

म्हणून मी ओटी भरायला लागले.

पहिली ओटी तुमच्याकडूनच घेतली. खण हिरवा होता. तुम्ही तोंडाकडे न बघता पुडी हातात दिली. तुमच्या मागे उषा भिंतीला टेकून बसली होती, तीस-एकतीसची बाई, केस बारीक कापलेले, मांडीत सूप. तिच्या पुढ्यात वस्तू रांगेनं लावलेल्या. खाली खण, त्यावर तांदळाची पिशवी, मग हळकुंड, सुपारी, खारीक, वर नारळ. पुडी भरून झाली की नारळावर दोन बोटं दोनदा आपटायची आणि म्हणायची, "झालं." कोणी गिऱ्हाईक म्हणालं की सुपारी नको, तर ती पुडी द्यायचीच नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचा, "घेऊन जा बाई, घरी गेल्यावर काढ. हिच्यासमोर नको काढू."

देवळात घंटा वाजली की तनू कानावर हात ठेवून फरशीवर आडवी पडायची. बायका वरून जायच्या. एक म्हणाली, अंगात येतंय पोरीच्या. दुसरी म्हणाली, लाड. मी दर वेळी घामानं भिजून बाहेर यायचे, हातात प्रसादाचा नारळ आणि काखेत ओरडणारी पोर. तरी खंड पाडला नाही. पावसात पाडला नाही, ताप होता तेव्हा पाडला नाही. अडीच महिने.

मग एका शुक्रवारी तुम्ही पुडी देता देता हात मागे घेतला.

"काय गं, नवस हाय का?"

"नाही. डॉक्टरनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ओटी. आठवड्यातून दोनदा."

"डॉक्टरनं? ओटी भरायला?"

"व्हय. कामून?"

तुम्ही हसला नाहीत. तनूकडे बघितलं. ती तुमच्या नारळांच्या शेंड्या एकेक करून एकाच बाजूला वळवत होती. मग म्हणालात, "कागद हाय का जवळ?"

कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये घेऊनच फिरायचे, हरवला तर काय म्हणून. तुम्हालाही इंग्रजी येत नव्हतं. पण तुम्ही कागद लांब धरून बोट फिरवत गेलात आणि एका जागी थांबलात. "हे बघ. हा गोल. अन् त्याच्या शेजारी हा खांब, माथ्यावर आडवी काठी हाय बघ. हे दोन मला ओळखू येतात. आगं बाई, ही ओटी नाय ती. ही इंग्लिश ओटी."

मला कळलं नाही. तुम्ही समजावून सांगितलं. ओटी म्हणजे एक थेरपी असते, पोरांना झोके देतात, हाताला काम देतात, अंगाला वळण लावतात. स्पीच म्हणजे बोलायला शिकवतात. द्वारका चौकाच्या पलीकडे एक सेंटर आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही माझ्या हातातली पुडी परत काढून घेतलीत.

"ठेव इथं. देवी कुठं जात नाय. उद्या पोरीला घेऊन ये, मी येते संगं. अन् काय गं ते, कामून कामून? सरळ 'का' म्हणता येत नाय व्हय? कुठली तू?"

"हिंगोलीची."

"मग ये कामूनबाई. धाला ये."

मी रिकाम्या हातानं घरी आले. ह्यांना सांगितलं. हे आधी मोठ्यानं हसले. मग त्यांचं हसणं थांबलं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. अडीच महिने हा आकडा आम्ही दोघांनी त्यानंतर कधी तोंडातून काढला नाही. तुम्हालाच एकदा म्हटलं होतं की माझ्या अडाणीपणानं पोरीचे दिवस गेले. तुम्ही म्हणालात, "गेले तर गेले. आता घंटेला घाबरत नाय म्हण." ते खरं नव्हतं. ती अजून घाबरते.

द्वारका चौकाचं तुम्हाला आठवत असेल. सेंटरला जायचं तर तो चौक ओलांडावा लागतो, आणि तिथले ट्रक, बस, रिक्षा सगळे एकदम हॉर्न मारतात. पहिल्या दिवशी तनूनं रिक्षात स्वतःच्या हाताला चावून घेतलं. रिक्षावाला म्हणाला, "लाडावून ठेवलंय काकू तुमच्या नातीला." तुम्ही म्हणालात, "अन् तुझ्या त्या हॉर्नला कुणी लाडावलंय? दाबतोय मेला दाबतोय." पुढे अख्ख्या रस्त्यात त्यानं हॉर्न एकदाही वाजवला नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही माकडटोपी आणली. आत कानाच्या जागी कापसाचे दोन गोळे शिवलेले. भर मे महिन्यात माझी पोर माकडटोपी घालून नाशकात फिरायची. लोक बघायचे. मला लोकांची लाज वाटायची, तुम्हाला कधी वाटली नाही. आता मॅडमनी सांगितलेले कानावर बसवायचे ते मोठे हेडफोन आहेत. टोपी मी टाकलेली नाही.

सेंटरमध्ये झोपाळा होता, मोठा चेंडू होता, त्यावर पोटावर झोपवून पुढेमागे करायचे. मऊ ब्रशनं हात-पाय चोळायचे. फुंकर मारून पिसं उडवायची, हे स्पीचचं. चित्रांची कार्डं होती. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड द्यायचं, मग पाणी. मला आधी हे क्रूर वाटलं, तहानलेल्या पोरीकडे कार्ड कशाला मागता. पण ज्या दिवशी तिनं स्वतः येऊन पाण्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं त्या दिवशी मला कळलं की ती चार वर्षं मला काही सांगत नव्हती असं नव्हतं. तिच्याकडे सांगायला काही नव्हतं हातात.

आणि तांदळाचा ट्रे होता. त्यात खेळणी लपवून हातानं शोधायला लावायचे. तनू तांदळाला बोट लावायची नाही, अंगावर काटा यायचा तिच्या. तुम्ही दाराच्या काचेतून बघत होता. बाहेर येऊन म्हणालात, "तांदूळ, डाळ, एकामागं एक लावायचं, भरायचं. आगं, हे तर माझंच दुकान हाय!" मॅडमना तुम्ही हे तोंडावर सांगितलं, उषाच्या पुड्यांसकट. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उषाबद्दल विचारलं आणि म्हणाल्या, "मग सेशन झालं की हिला तुमच्याकडे बसवा. उषाताईंच्या शेजारी. जबरदस्ती करू नका, नुसतं बसू द्या."

म्हणून मंगळवार-शुक्रवार परत तुमच्याकडेच आले. सकाळी सेंटर, मग देवळाबाहेर. उषा पुड्या भरायची, तनू दोन हात अंतरावर बसून बघायची. पहिल्यांदा तिनं नारळ घेतला. दोन्ही हातात धरून छातीशी, बराच वेळ. मॅडम म्हणाल्या, वजनानं तिला शांत वाटतं. मग हळकुंड. मग सुपारी. तांदळाला चार महिने लागले. आधी एक बोट, लगेच फ्रॉकला पुसून. उषानं तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. फक्त सूप वीतभर तिच्या बाजूला सरकवलं. ते तुम्ही मला दाखवलं होतं डोळ्यानं, आठवतं? मी काही बोलणार तर तुम्ही माझ्या मांडीवर चापट मारलीत.

मी 'आई'ची वाट बघत होते. सगळ्याच बघतात. तनूनं एका शुक्रवारी पुडीवर नारळ ठेवला, दोन बोटं दोनदा आपटली आणि म्हणाली, "झाल."

 तुम्ही म्हणालात, "बघ, आधी काम केलं मग बोलली. तुझ्यासारखी नाय, तोंड आधी." आणि मग पदरानं डोळे पुसलेत आणि समोरच्या बाईला म्हणालात, "काय बघती? नारळ पाहिजे का?"

तनू आता सात वर्षांची आहे. अकरा शब्द आहेत आणि कार्डांची एक वही. बरी झाली का असं गावाकडून विचारतात. मॅडम सांगतात की हा आजार नाही, बरं व्हायचं असं काही नाही, तिला तिचं जगणं सोपं व्हायला हवं. हे मला कळतं. रोज कळत नाही.

नाही कळलं त्या दिवसाचं आता लिहिते. हेच लिहायचं होतं, मी लांबवत आणलं.

मागच्या वर्षी ह्यांच्या कंपनीतल्या कोणी सांगितलं की दुसऱ्या एका शहरात एक मोठा दवाखाना आहे. तिथं पेशींचं इंजेक्शन देतात, दोन-तीनदा दिलं की पोर बोलायला लागतं, शाळेत जातं. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यातली मुलगी कविता म्हणत होती. मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की मला ती कविता पाठ झाली. गावाकडची वाट्याची जमीन विकायची असं ह्यांनी ठरवून टाकलं. मी तुम्हाला येऊन सांगितलं, आनंदानं.

तुम्ही म्हणालात, "सुई टोचून कुणी बोलायला लागतं का गं?"

मी म्हटलं, शास्त्र पुढं गेलंय.

"मॅडमला विचारलं का?"

"त्या नाहीच म्हणणार. त्यांचं गिऱ्हाईक जाईल."

"माझं पण गेलं होतं एक गिऱ्हाईक," तुम्ही म्हणालात. "पुडी हातातनं काढून घेतली तव्हा."

मला तिथं गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "तुमचं काय आहे आक्का, तुमची पोर मोठी झाली. तुम्ही तिला नुसतं बसवून ठेवलं. मला माझी पोर अशी देवळाबाहेर बसवायची नाही."

उषा तिथंच होती. तिच्या हातात पुडी होती. तिनं नारळ ठेवला, दोन बोटं आपटली, "झालं." तुम्ही खण उलगडले होते ते परत घडी घालायला घेतलेत.

मी पंधरा दिवस त्या रस्त्यानं आले नाही. मग कागदपत्रं मागायच्या निमित्तानं मॅडमना सांगावंच लागलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या इंजेक्शननं ऑटिझम जातो असं कुठंही सिद्ध झालेलं नाही, आणि सुईचा धोका असतो तो वेगळा. खात्रीनं बरं करतो असं कोणी म्हणालं की आधी मला येऊन सांगायचं. माझ्यावर विश्वास नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांना विचारा." आम्ही दोघं जाऊन विचारून आलो. त्यांनीही तेच सांगितलं. येताना हे बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. आम्ही गेलो नाही. व्हिडिओ मी डिलीट केला, कविता अजून पाठ आहे.

मग मी गावाकडची कारळाची चटणी डब्यात घालून तुमच्याकडे आले. तुम्ही डबा उघडून वास घेतलात. "आली का कामूनबाई. पोरीची टोपी कुठंय?" एवढंच. माझ्या तोंडात माफीचं वाक्य तयार होतं, घरून पाठ करून आले होते. तुम्ही बोलू दिलं नाहीत की मीच बोलले नाही, आता आठवत नाही. चटणी तुम्हाला तिखट लागली, उषानं सगळी संपवली.

पुढच्या आठवड्यात द्वारकेला रिक्षा अडकली होती. तुम्ही पुढे बघतच बोललात.

"तुला वाटलं आसंल ना, हिला कागदावरचं कसं कळलं."

"व्हय."

"मी पण भरली होती. ओटी. सर्टिफिकेट काढायला नेलं होतं उषीला, तव्हा डॉक्टर म्हणला ओटी करा. चार मंगळवार भरली. मग एका नर्सबाईनं तो गोल अन् खांब दाखवला. पण उषी अठराची झाली होती गं. अन् तव्हा आपल्याकडं कुठं होतं असलं काही. मुंबईला जावा म्हणले. हिचा बाप तर आधीच गेलेला. कोण नेतंय." आणि मग, "नुसतं नाय बसवलं मी तिला."

पुढची बस हलली. रिक्षा सुटली. आक्का, मी तनूची टोपी नीट केली. ती नीटच होती.

त्यानंतर मी कितीदा तरी तुमच्याजवळ बसले. नवरात्रात तुम्ही दमायचा तेव्हा मी गल्ल्यावर बसायचे. बायका ओट्या घेऊन जायच्या, एकमेकींच्या भरायच्या. तुम्ही एकदा हसून म्हणालात, "आख्ख्या नाशकाच्या ओट्या माझ्याकडनं भरतात. अन् माझी कोण भरतं? विधवेची ओटी नसती गं, ती नुसती विकती." मी हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आणि शेवटचं. ह्या उन्हाळ्यात, दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं. उषा आणि तनू दोघी सुपापुढे होत्या. तुम्ही त्यांच्याकडे बघत म्हणालात, "कामूनबाई, मी गेल्यावर उषीला तुझ्या ओटीत घातली तर?"

तुम्ही चेष्टेत विचारलं नव्हतं. मला कळलं होतं. माझ्या डोक्यात एकदम सगळं आलं. एक खोली, तनूच्या वेळा, हे काय म्हणतील, दोघींना एकदम घेऊन द्वारका कशी ओलांडणार.  मी सुपाकडे बोट केलं आणि म्हटलं, "तांदूळ सांडले बघा आक्का."

सांडले होते, चार दाणे. तुम्ही वाकून वेचलेत.

तुम्हाला घेऊन जायच्या आधीचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते. येवल्याहून उषाचे मामा-मामी आले. तुम्हाला आंघोळ घालून बाहेर ठेवलं होतं. उषा आतून पुडी घेऊन आली. नेहमीची, खाली खण, वर नारळ. तुमच्याजवळ बसली आणि तुमच्या पदराची घडी उघडून तिनं पुडी त्यात ठेवली. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, तिला कशाची ओटी? ती काय सवाष्ण हाय का?" मामींनी काढायला हात पुढे केला.

मी मागे होते, तनूला धरून. मला मोठ्या माणसांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. माझ्या तोंडातून एकच शब्द आला.

"कामून?"

मोठ्यानं आला. सगळी गल्ली वळून बघायला लागली. मामींचा हात तसाच राहिला. मामा म्हणाले, "राहू दे. तिचं तिला करू दे."

उषानं पदराची घडी परत घातली. नारळावर दोन बोटं दोनदा आपटली. "झालं," म्हणाली. तुमची ओटी तुमच्याबरोबर गेली, आक्का.

आता मामा-मामी तुमच्या खोलीत राहतात. मामा विणकर आहेत, मागावरचं काम सोडून आलेत, चांगले आहेत. पण येवल्याच्या घरात मागांचा आवाज दिवसभर असतो, आणि उषा दहाव्याच्या आधी एक दिवस तिथं नेली तर कान धरून दाराबाहेर बसून राहिली, जेवली नाही. परत आणली. मामी म्हणतात, महिनाभर बघू, नाहीतर एक आश्रम आहे म्हणतात, तिथं चौकशी करू. वाईट हेतूनं म्हणत नाहीत. त्यांना तिच्या पुड्यांचं कळत नाही. काल त्यांनी सूप आवरून वर ठेवलं, तर ती सूप होतं त्या जागेसमोर संध्याकाळपर्यंत बसली.

गेल्या मंगळवारी मी निळा कागद अंथरला. मामांना विचारून उषाला घेऊन आले, तनूलाही. कुत्र्याला उठवलं. एक बाई म्हणाली, "आक्का कुठायत?" मी म्हटलं, "नाहीत." तिनं पुडी घेतली, सुपारी काढायला लागली. मी म्हटलं, "घेऊन जा बाई, घरी गेल्यावर काढा." तुमच्याच आवाजात आलं ते.

आज सकाळी डबा भरताना ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "खोली एक आहे."

"व्हय."

"तनूला चालेल का?"

"माहीत नाही."

ह्यांनी डबा घेतला, चप्पल घातली. दारात थांबून म्हणाले, "आणि तिला आपल्या घराचा आवाज चालेल का, ते आधी बघ." कंपनीला गेले. नाही म्हणाले नाहीत, आक्का. मी त्या वाक्याभोवतीच आज दिवसभर फिरतेय. रविवारी उषाला दुपारभर घरी आणणार आहे. पंखा बंद ठेवीन, कुकर लावणार नाही, सूप घेऊन येईन. नुसतं बसू देईन.

मला आज हो म्हणायचा धीर नाही. खोटं लिहीत नाही. महिन्यातले किती दिवस राहिले ते मी रोज बोटावर मोजते. पण तुम्ही त्या शुक्रवारी माझ्या हातातली ओटी काढून घेतली होती आणि मी रिकाम्या हातानं घरी गेले होते. त्यामुळेच माझी पोर आज पाणी मागते. तुमच्या त्या उपकाराची फेड चटणीनं होणार नव्हती, ते मला तेव्हाही माहीत होतं.

उषाला तुम्ही माझ्या ओटीत घातली आहे. मी पदर पुढे केला नव्हता. एक दिवस करीन, आक्का. तेव्हा सुपातून पोतंभर तांदूळ जरी सांडले तरी मी तिकडे बोट दाखवणार नाही.